सातवी डिग्री: जोडलेल्या बीममधलं वॉर्पिंग मॉडेलमध्ये कसं धरायचं

मुंबईतल्या स्ट्रक्चरल ऑफिसात पिळाचा (टॉर्शनचा) प्रश्न बहुधा काचेच्या मागून येतो. बीकेसी असो की लोअर परळ, खाली दुमजली उंचीची लॉबी, समोर काच, आणि काच धरणारा ब्रॅकेट बीमच्या वेबपासून, म्हणजे मधल्या उभ्या प्लेटपासून, फूटभर पुढे. त्या पट्ट्यात स्लॅब नसतो. बीमला पिळण्यापासून अडवणारी फक्त दोन टोकं, आणि त्या टोकांचं कनेक्शन अजून कुणी ठरवलेलं नसतं. मग मॉडेल चालवणारा मुलगा येतो.

"सर, बीम सात डिग्री फिरतोय. सेक्शन वाढवू का?"

"थांब. टोकाला फ्लँज कशाला जोडलीय?"

"ते कनेक्शनवाले बघतील ना?"

इथेच गाडी अडते. फ्लँज, म्हणजे बीमची वरची-खालची आडवी प्लेट, कशाला जोडलीय हे ठरल्याशिवाय त्या सात डिग्रीला काही अर्थ नाही. खरं उत्तर अडीच डिग्री असू शकतं, एकही असू शकतं. आणि फिरणं कमी निघालं म्हणून बीम सुटला असंही नाही, कारण वॉर्पिंग (पिळताना सेक्शनच्या कडा लांबीत पुढेमागे सरकणं) अडल्याचा जो ताण सॉफ्टवेअरने दाखवलाच नाही तो बेंडिंगच्या ताणापेक्षा मोठा निघू शकतो. आकडे पुढे देतो. शीर्षकातली सातवी डिग्री मात्र कोनाची नाही, मॉडेलमधल्या वॉर्पिंगच्या मोकळीकीची.

आधी बघा, पीळ टाळता येतो का

मॉडेलला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हा पीळ नसेल तर रचना उभी राहील का? ब्रॅकेटवरची काच बीमच्या पिळावरच तोललेली असेल तर पीळ हिशेबात घ्यावाच लागेल. पण सेकंडरी बीम मेन बीमच्या वेबला फिन प्लेटने (वेबला वेल्ड केलेल्या उभ्या पट्टीने) जोडला आहे आणि सॉफ्टवेअर मेन बीममध्ये टॉर्शन दाखवतंय, तर ते बहुतेक वेळा सांधा जास्त ताठ धरल्याचं लक्षण असतं. सेकंडरीच्या टोकाला मोमेंट रिलीज द्या, म्हणजे ते टोक वाकताना फिरायला मोकळं ठेवा, पीळ निघून जातो. बोल्टची ओळ वेबपासून लांब असल्यामुळे उरणारा मोमेंट शक्यतो बोल्ट आणि सेकंडरी बीम यांच्याकडून घ्यायचा. मेन बीमला फिरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वर डेक स्लॅब नीट जोडलेला असेल तर बीम मोकळा पिळूच शकत नाही.

रिलीज देताना एक चूक फार दिसते. वैतागून मेंबरचा टॉर्शन रिलीज दोन्ही टोकांना दिला जातो आणि मेकॅनिझम होतो, म्हणजे बीम स्वतःभोवती मोकळा फिरतो. एका टोकाला दिला की मॉडेल चालतं, पण पीळ गुपचूप दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

सेक्शन बंद पेटीचा असेल, म्हणजे चौकोनी किंवा गोल पाइप, तर हा लेख सोडून दिला तरी चालेल. बंद सेक्शनमध्ये वॉर्पिंग इतकं किरकोळ असतं की नेहमीचं मॉडेल पुरतं. आपला विषय आय, चॅनेल, झेड अशा उघड्या सेक्शनचा. कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी लांबीत कापून पिळून बघा: कापलेल्या कडा एकमेकींवरून पुढेमागे सरकतात. ते सरकणं म्हणजे वॉर्पिंग. ते अडवलं की बीम ताठ होतो, आणि फ्लँजमध्ये लांबीच्या दिशेने ताण येतो.

सेक्शनचे आकडे स्वतः काढा

पूर्ण लेखात एकच बीम वापरतो. तीन प्लेटींचा वेल्डेड आय: फ्लँज २०० × १६, वेब ४६८ × १०, एकूण खोली ५०० मिमी. स्पॅन ६ मीटर. मधोमध १५ किलोन्यूटनचा भार वेबपासून ३०० मिमीवर, म्हणजे ४.५ किलोन्यूटन-मीटरचा पीळ. आकडे सर्व्हिस लोडचे, फॅक्टर न लावलेले.

उघड्या सेक्शनमध्ये पीळ दोन वाटांनी वाहतो. एक सेंट व्हेनंटची वाट: प्लेटींच्या जाडीत फिरणारा शिअर, ताठरता जी × जे (ई आणि जी हे पोलादाचे ताठरतेचे आकडे, ई ओढीचा आणि जी शिअरचा). दुसरी वॉर्पिंगची: वरची फ्लँज एका बाजूला वाकते, खालची उलट बाजूला, ताठरता ई × सीडब्ल्यू. जे म्हणजे प्रत्येक प्लेटची रुंदी गुणिले जाडीचा घन, त्यांची बेरीज भागिले ३. आपल्या बीमचा जे ७०.२ सेंमी चौथा घात. दोन्ही फ्लँज सारख्या असतील तर सीडब्ल्यू म्हणजे कमकुवत अक्षाचा इनर्शिया गुणिले फ्लँजच्या मध्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले ४; इथे अंतर ४८४ मिमी, म्हणून सीडब्ल्यू १२.५ लाख सेंमी सहावा घात. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेच्या परिशिष्ट ई मध्ये हाच गुणांक असमान फ्लँजसाठीही दिलेला आहे. तिथे तो लॅटरल टॉर्शनल बकलिंगसाठी (भाराखाली बीम एकदम आडवा सरकून पिळण्यासाठी) येतो, पण गुणधर्म तोच.

आता सगळ्यात कामाचा आकडा: ई × सीडब्ल्यू भागिले जी × जे, त्याचं वर्गमूळ. याला लांबीचं एकक येतं. मी त्याला 'ए' म्हणतो. आयएस ८०० प्रमाणे ई २,००,००० आणि जी ७६,९०० मेगापास्कल धरून आपल्या बीमचा ए २.१५ मीटर. टोकाला किंवा भाराखाली वॉर्पिंग अडलं की त्याचा परिणाम साधारण दोन-तीन ए लांबीपर्यंत जाणवतो. स्पॅन भागिले ए इथे २.८ आहे, म्हणजे पूर्ण स्पॅन वॉर्पिंगच्या अमलाखाली. हे गुणोत्तर दहाच्या वर गेलं तर फिरण्याच्या हिशेबात वॉर्पिंग मागे पडतं. भाराखालचा ताण मात्र तरीही राहतो.

लायब्ररीतून सेक्शन उचलला असेल तर सीडब्ल्यू भरलेला आहे ना, एवढं बघा. हाताने बनवलेल्या सेक्शनला बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो शून्य राहतो आणि कुठलीही वॉर्निंग येत नाही.

चॅनेल असेल तर आणखी एक भानगड. शिअर सेंटर, म्हणजे ज्या बिंदूतून भार गेला तर पीळ येत नाही तो, वेबच्या बाहेर, फ्लँजच्या उलट बाजूला असतं. आयएसएमसी २०० (२०० मिमी खोलीचा भारतीय चॅनेल) साठी, फ्लँजचा उतार सोडून दिला, तर ते वेबच्या मध्यापासून सुमारे ३० मिमी बाहेर पडतं आणि सेंट्रॉइडपासून (क्षेत्रमध्यापासून) जवळजवळ ५ सेंमी. मॉडेलची रेघ सेंट्रॉइडवर आणि भारही त्याच रेघेवर असेल, तर मॉडेलमध्ये पीळ शून्य दिसेल, प्रत्यक्षात भार गुणिले ५ सेंमी. कुठल्या रेघेवर भार लागतो हे प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं असतं. एक मीटरचा कॅन्टिलिव्हर करून, टोकाला भार टाकून टॉर्शन डायग्राम बघितला की दोन मिनिटांत कळतं.

एकच बीम, तीन उत्तरं

स्टॅड, ईटॅब्स, सॅप या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या फ्रेम एलिमेंटला नोडला सहा डिग्री ऑफ फ्रीडम असतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. वॉर्पिंगला जागाच नाही. त्यांना फक्त जी × जे कळतो. आपल्या बीमचं त्यांचं उत्तर: मध्यावर ०.१२५ रेडियन, ७.२ डिग्री. ३०० मिमी पुढच्या ब्रॅकेटचं टोक नुसत्या पिळामुळे ३७.५ मिमी खाली. काचवाला हे ऐकून घेणार नाही.

वॉर्पिंग धरलं, टोकांना फिरणं अडलेलं पण वॉर्पिंग मोकळं ठेवलं, तर मध्यावरचं फिरणं म्हणजे पीळ भागिले दोन जी जे, गुणिले कंसातलं (अर्धा स्पॅन वजा ए गुणिले अर्धा स्पॅन भागिले ए चा हायपरबोलिक टॅन). उत्तर ०.०४५८ रेडियन, २.६ डिग्री. ब्रॅकेटचं टोक १३.७ मिमी. दोन्ही टोकांना वॉर्पिंगही पूर्ण अडवलं तर ०.०१७ रेडियन, साधारण १ डिग्री, टोक ५ मिमी.

आता ताण. मध्यावरचा बेंडिंग मोमेंट २२.५ किलोन्यूटन-मीटर, त्याचा ताण १२ मेगापास्कल. टोकं मोकळी असताना मध्यावर बायमोमेंट (एका फ्लँजचा आडवा मोमेंट गुणिले फ्लँजमधलं अंतर) ४.२८ किलोन्यूटन-चौरस मीटर, आणि त्यामुळे फ्लँजच्या कडेला ८३ मेगापास्कल. बेंडिंगच्या जवळजवळ सातपट. सहा डिग्रीच्या मॉडेलमध्ये हा ताण शून्य. उलट तेच मॉडेल फ्लँजमधला सेंट व्हेनंट शिअर ५१ मेगापास्कल दाखवतं, खरा टोकाला २७ च्या आसपास. म्हणजे जे आहे ते फुगवलेलं आणि जे महत्त्वाचं ते गायब.

हे आकडे जपून ठेवा. कुठलंही नवं सॉफ्टवेअर हातात आलं की पहिला हाच बीम चालवायचा. २.६ डिग्री आणि ४.२८ आलं तर पुढे जायचं.

पडताळ्यासाठी हातानेही एक झटपट आकडा मिळतो. पीळ भागिले फ्लँजमधलं अंतर म्हणजे प्रत्येक फ्लँजवर आडवा ९.३ किलोन्यूटन, एकेक फ्लँज ६ मीटरची आडवी सिंपल बीम समजली तर ताण १३१ मेगापास्कल. जास्तीचा आहे, कारण सेंट व्हेनंटची मदत सोडून दिली, पण सुरक्षित बाजूला आहे. क्रेन गँट्रीच्या गर्डरला सर्ज, म्हणजे क्रेनचा आडवा धक्का, फक्त वरच्या फ्लँजवर टाकून तपासायची जी जुनी पद्धत आहे, ती म्हणजे हाच हिशेब. तळोजा-भिवंडीकडच्या शेडचं काम केलेल्यांनी वॉर्पिंग कधीचंच वापरलेलं असतं, नाव न घेता.

सातवी डिग्री कुठे मिळते

आरएफईएम ६ मध्ये वॉर्पिंगचं वेगळं अॅड-ऑन आहे. मिडास सिव्हिलमध्ये सेक्शनच्या खिडकीत वॉर्पिंगचा पर्याय आहे. अॅन्सिसच्या बीम १८८ ला ती आपणहून चालू करावी लागते, नाहीतर तोही सहाच डिग्रीचा. अबॅकसमध्ये उघड्या सेक्शनचे बी३१ओएस, बी३२ओएस असे वेगळे एलिमेंट आहेत. फुकटात हवं असेल तर मास्टन२: त्यात मेंबरच्या टोकाला वॉर्पिंग मोकळं, पक्कं की सलग हे निवडता येतं, आणि शिकायला तेवढं पुरतं. फ्रान्सच्या सीटीआयसीएमचं एलटीबीमएनही फुकट आहे, पण ते एकट्या सरळ बीमच्या बकलिंगचं काम आहे. जोडलेल्या बीमला उपयोग नाही.

स्पॅनचे तुकडे करा. बरेच एलिमेंट घन बहुपदी वापरतात, खरं उत्तर हायपरबोलिक असतं. तुकडा ए च्या पावभर लांबीचा ठेवला, इथे अर्धा मीटर, की फरक उरत नाही.

सांधा: इथे वेळ घालवा

सहा डिग्री फिरवता येतात. एका मेंबरचं बेंडिंग काटकोनातल्या दुसऱ्याचं टॉर्शन होतं, हे मॅट्रिक्स आपोआप करतं. सातवीला दिशाच नाही. तो नुसता एक आकडा आहे: पिळाचा दर. त्यामुळे नोडवर चार बीम आले तर साधं सॉफ्टवेअर चौघांचा तो आकडा एकच समजून बांधून टाकतं. वेबला फिन प्लेटने टांगलेल्या सेकंडरी बीममध्ये मेन बीमचा बायमोमेंट शिरलेला दिसतो, फ्लँजचा फ्लँजला स्पर्शही नसताना. डायग्राम सुबक येतो आणि कुणाला शंका येत नाही.

म्हणून प्रत्येक नोडवर थांबून विचारायचं: या बीमची वरची फ्लँज आडवी वाकली तर तिला कोण अडवतं, आणि कोणाला ती सोबत ओढते?

बीम सपोर्टवरून सलग पुढे जात असेल तर वॉर्पिंगही सलग. नोडवर फिरणं अडवा, सातवी डिग्री जोडलेली राहू द्या. बायमोमेंट शेजारच्या स्पॅनमध्ये जाईल आणि जायलाच हवा. बीम तिथे तोडून स्प्लाइस (प्लेटींनी जोडलेला सांधा) असेल, तर फ्लँजला प्लेटी असल्यास सलग, फक्त वेबला प्लेटी असल्यास मोकळा.

टी आकाराचा सांधा, म्हणजे मेन बीमच्या वेबला येणारा सेकंडरी: मेनचे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले, सेकंडरीच्या टोकाला वॉर्पिंग रिलीज. रिलीजची सोय नसेल तर एकाच जागी दोन नोड ठेवायचे, सहा डिग्री बांधायच्या, सातवी मोकळी सोडायची. सेकंडरीच्या फ्लँजही मेनच्या फ्लँजला वेल्ड केल्या असतील तर तिच्या बेंडिंगने मेनचं फिरणं अडतं. ते सहा डिग्रीतच येतं, त्यासाठी सातवी लागत नाही.

आडव्या पातळीतला कोपरा, दोन्ही बीमच्या फ्लँज तिरक्या कापून एकमेकींना वेल्ड केलेल्या: वरच्या फ्लँजचं उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं दोघींचं एकच, तसंच खालच्यांचं. इथे सातवी डिग्री थेट जोडणं बरोबर आहे. पोर्टलच्या गुडघ्यात, कॉलम आणि राफ्टर मिळतात तिथे, हे इतकं सरळ नाही. स्टिफनर कसे घातलेत त्यावर वॉर्पिंग थेट जातं, अर्धवट जातं किंवा उलट चिन्हाने जातं. अशा सांध्यात सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगवर विसंबू नका. छोटं शेल मॉडेल करा, म्हणजे रेघेऐवजी प्रत्येक प्लेट वेगळा पृष्ठभाग म्हणून धरलेलं.

राहिलं टोक. क्लीट अँगल किंवा फिन प्लेट फ्लँजला धरतच नाही, म्हणून वॉर्पिंग मोकळं. वाद होतो तो एंड प्लेटवर, म्हणजे बीमच्या टोकावर आडवी वेल्ड केलेल्या प्लेटवर. "वीस एमएमची प्लेट आहे, फुल फिक्स धरा" हे वाक्य ऑफिसात सर्रास ऐकू येतं. तपासून बघू.

एंड प्लेट वॉर्पिंगला अडवते ती स्वतः पिळून. तिची स्प्रिंग म्हणजे जी गुणिले रुंदी गुणिले फ्लँजमधलं अंतर गुणिले जाडीचा घन, भागिले ३. २०० रुंद, २० जाड प्लेटला येते २० किलोन्यूटन-घनमीटर. तुलनेला बीमची स्वतःची वॉर्पिंग ताठरता घ्यायची, ई × सीडब्ल्यू भागिले ए. ती ११६. म्हणजे प्लेट बीमच्या सहावा हिस्सा. ही स्प्रिंग टोकांना घालून बीम सोडवला तर फिरणं २.६ वरून २.४ डिग्रीवर येतं. वीसची प्लेट वॉर्पिंगपुरती जवळजवळ नसल्यासारखी. जाडी दुप्पट, ४० केली तर ताठरता आठपट, १५९, आणि फिरणं १.७ डिग्री. मोकळं आणि पक्कं यांच्या बरोबर मधे.

खरंच अडवायचं असेल तर पेटी करा. टोकाजवळ फ्लँजच्या दोन्ही कडांवर वेबला समांतर उभ्या प्लेटी, पुढेमागे आडवे स्टिफनर, सगळं मिळून वरून बघितलं तर बंद चौकोन. २०० × १५० चा, १० मिमी प्लेटीचा चौकोन धरला तर स्प्रिंग म्हणजे जी गुणिले त्या पेटीचा जे गुणिले फ्लँजमधलं अंतर: सुमारे १,९०० किलोन्यूटन-घनमीटर, बीमच्या सोळापट. फिरणं १.१ डिग्री. आत वेल्डिंगला हात पोचतो का, हे मात्र फॅब्रिकेटरला आधी विचारा. बीम बंद पेटीच्या कॉलमला, फ्लँजच्या पातळीवर आत डायफ्राम देऊन वेल्ड केला असेल तर कॉलमच ही पेटी होतो.

यावरून मी एक ढोबळ नियम पाळतो: स्प्रिंग बीमच्या ई सीडब्ल्यू भागिले ए च्या पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर मोकळं धरा, दहापटीहून जास्त असेल तर पक्कं, मधलं असेल तर स्प्रिंगचा आकडा टाका. सलग बीममध्ये शेजारचा तेवढाच ६ मीटरचा, भार नसलेला स्पॅन, लांबच्या टोकाला मोकळा, याच ई सीडब्ल्यू भागिले ए च्या सुमारे दीडपट ताठरता देतो. ४० च्या एंड प्लेटपेक्षा थोडी जास्त, आणि तीही जादा वेल्ड न करता.

स्प्रिंग घालायची सोय नसेल तर दोन टोकाच्या केस चालवा, मोकळी आणि पक्की. फिरण्यासाठी मोकळी बघा. ताणासाठी दोन्ही, कारण पक्की केली की मध्यावरचा बायमोमेंट ४.२८ वरून २.९ वर येतो खरा, पण तेवढाच उलट चिन्हाचा टोकाला उभा राहतो, आणि तो कनेक्शनच्या वेल्डने घ्यायचा असतो.

शेल मॉडेलने उलटतपासणी

सगळा मजला शेलमध्ये करू नका. एक बीम किंवा एक सांधा पुरतो. फ्लँजच्या रुंदीत निदान सहा-आठ एलिमेंट, वेबच्या खोलीत आठ-दहा. ब्रॅकेटच्या जागी खऱ्या बीममध्ये स्टिफनर असेल तर मॉडेलमध्येही घाला. नसेल तर शेलमध्ये वेब वाकून फ्लँज स्वतंत्र फिरतील आणि आकडा बीमच्या सिद्धांताशी जुळणार नाही. तेव्हा दोष सिद्धांताचा नसतो. तिथे स्टिफनर हवा होता.

गंमत होते ती टोकाच्या सपोर्टला. टोकाचे सगळे नोड एका मास्टर नोडला रिजिड लिंकने बांधायची सवय असते. तसं केलं की सेक्शन सपाट राहायला बांधला जातो, म्हणजे वॉर्पिंग पक्कं झालं. मॉडेल १ डिग्री दाखवतं आणि आपण खूश. मोकळं टोक हवं असेल तर वेबच्या नोडना उभं आणि आडवं सरकणं अडवा, लांबीच्या दिशेने सगळे मोकळे ठेवा, आणि पूर्ण मॉडेल सरकू नये म्हणून एकाच नोडला, तटस्थ अक्षावर, लांबीत अडवा.

बायमोमेंट काढायला वरच्या फ्लँजच्या नोडल फोर्सेसवरून तिचा आडव्या पातळीतला मोमेंट काढा आणि फ्लँजमधल्या अंतराने गुणा. आपल्या बीमला फ्लँज मोमेंट ८.८ किलोन्यूटन-मीटर यायला हवा. फ्लँजच्या दोन कडांचे ताण वजा करून अर्धे केले तरी तोच ८३ चा आकडा समोर येतो.

सांध्याची स्प्रिंग काढायची असेल तर प्रत्येक बीम खोलीच्या दीडपट लांब घ्या, एका बीमच्या कापलेल्या टोकाला वरच्या-खालच्या फ्लँजवर उलटे कपल लावा, आणि सांध्याच्या तोंडाशी दोन फ्लँजचं उलट फिरणं मोजा. त्या दोन कोनांतला फरक भागिले फ्लँजमधलं अंतर म्हणजे पिळाचा दर. बायमोमेंट भागिले हा दर म्हणजे स्प्रिंग.

हातात फक्त स्टॅड असेल तर

बहुतेकांची हीच परिस्थिती आहे. मग जे खोटा द्यायचा. आपल्या बीमला, मोकळी टोकं आणि मधोमध पीळ या केससाठी, जे २.७३ पट केला की सहा डिग्रीचं मॉडेल २.६ डिग्री दाखवतं. हा गुणक त्या एका भाराचा आणि त्या एका टोकाचा. भार सरकला की बदलतो. ताण तरीही हाताने काढावा लागतो आणि रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर पवईत (आयआयटी) किंवा माटुंग्यात (व्हीजेटीआय) प्रूफ चेकला, म्हणजे त्रयस्थ तपासणीला, गेल्यावर पहिला प्रश्न त्या जे वर येईल.

ताण जोडताना

फ्लँजच्या चार कडांपैकी तिरप्या समोरासमोरच्या दोघींवर बेंडिंगचा आणि वॉर्पिंगचा ताण एकाच चिन्हाचे येतात. तिथे बेरीज करा: इथे १२ अधिक ८३. बीम फिरल्यामुळे उभा मोमेंट थोडा कमकुवत अक्षावर उतरतो. मोमेंट गुणिले फिरण्याचा कोन, म्हणजे साधारण १ किलोन्यूटन-मीटर, आणखी ५ मेगापास्कल. एकूण १००, भार घटक १.५ लावून १५०. फिरणंही वाढतं म्हणून शेवटचा तुकडा थोडा जास्त येईल, पण २५० ग्रेडच्या पोलादाला चालणाऱ्या २२७ मेगापास्कलखाली आरामात. सांध्याजवळ टोकाला मात्र शिअर आणि वॉर्पिंग ताण एकत्र येतात, तिथे व्हॉन मायझेसचा एकत्रित ताण बघा.

आयएस ८००:२००७ मध्ये उघड्या सेक्शनच्या पिळासाठी सविस्तर वेगळी पद्धत दिलेली नाही. युरोकोड ३ च्या ६.२.७ मध्ये बायमोमेंटचा थेट उल्लेख आहे, आणि सल्लागार बहुधा तिकडे वळतात. आयएसच्या तक्ता १५ मध्ये लॅटरल बकलिंगच्या परिणामी लांबीला वॉर्पिंग अडवल्याचा फायदा आहे: फिरणं अडवलेलं असताना दोन्ही फ्लँजचं वॉर्पिंग पूर्ण अडवलं तर स्पॅनच्या ०.७०, अजिबात नाही तर १.००, साध्या भारासाठी. ०.७० वापरलं असेल तर टोकाच्या पेटीचा तपशील दाखवावा लागेल. पिळाच्या हिशेबात मोकळं आणि बकलिंगच्या हिशेबात पक्कं असं एकाच टोकाला धरलेलं दिसलं तर रिपोर्ट परत येणारच.

आकडे बसत नसतील तर जाड सेक्शन हा सगळ्यात महागडा उपाय. ब्रॅकेटच्या मागे एक छोटा आडवा बीम स्लॅबपर्यंत नेला तर पीळ त्याच्या बेंडिंगमध्ये जातो. तेही जमत नसेल तर त्याच आय बीमच्या दोन्ही बाजूंना, फ्लँजच्या कडांवर, ६ मिमीच्या प्लेटी लावून पेटी करा: जे सुमारे २७० पट. वजन आणि लांबलचक वेल्ड वाढतो, वॉर्पिंगची चर्चा संपते.

ड्रॉइंगवर काय लिहायचं

जनरल नोट्समध्ये नाही, त्या बीमच्या एलिव्हेशनवरच, प्रत्येक टोकाला: "वॉर्पिंग मोकळे" किंवा "वॉर्पिंग अडवलेले, पेटी तपशील क्रमांक अमुक", आणि शेजारी टोकाचा बायमोमेंट आणि त्यातून निघणारा फ्लँजचा मोमेंट. कनेक्शन करणाऱ्याला बायमोमेंट कळला नाही तरी फ्लँजचा आडवा मोमेंट कळतो, आणि वेल्ड त्यावरच काढता येतो. शॉप ड्रॉइंग परत आलं की सगळ्यात आधी हीच दोन टोकं उघडायची. कळंबोलीच्या स्टील मार्केटात ४० ची प्लेट मिळायला वेळ लागतोय म्हणून २५ ची घातलेली असते, किंवा साइटवर उचलायला सोपं म्हणून एंड प्लेटच्या जागी क्लीट आलेली असते. शिअरला दोन्ही चालतात म्हणून कुणी हरकत घेत नाही. २५ च्या प्लेटची स्प्रिंग ४० च्या पाव हिश्श्याएवढी, क्लीटची शून्य. नवा आकडा टाकून फिरणं पुन्हा काढा, तो मिमीमध्ये काचवाल्याला कळवा, मगच ड्रॉइंगवर शिक्का मारा.